लक्षात घेणारे हरिभाऊ

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने कादंबरीकारावर लेख लिहावा, याचे अनेकांना नवल वाटेल. आमचा संबंध जमाखर्चाशी आणि ताळेबंदाशी. आम्हाला कादंबऱ्यांशी काय कर्तव्य? पण मागच्या दिवाळीच्या सुट्टीत अंबरपेठेतल्या आमच्या घरी असे काही घडले, की कै. हरि नारायण आपटे यांच्याविषयी चार शब्द लिहिल्यावाचून मला राहवेना. ते काय, हे शेवटी सांगते. आधी हरिभाऊंची ओळख.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. बालपण मुंबईत गेले आणि १८७८ साली ते पुण्यास आले. तेथे न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. वाचनाचे वेड तर विलक्षण. संस्कृत आणि इंग्रजी दोन्हींत ते सारखेच रमत. आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर केले, तेव्हा या शिष्याने त्यावर ७२ पानांची टीका लिहिली! गुरूंचे ग्रंथसुद्धा डोळे उघडे ठेवून वाचावेत, हे ज्याला विशीच्या सुमारास कळले, त्याचे वाचन किती खोल असेल? गणिताशी मात्र त्यांचे कधी जमले नाही. कॉलेजात गेले, पण पदवी हाती आली नाही. (आमच्या वर्गातील काहीजणांना हे वाचून धीर येईल.)

पुढे त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी संस्कृत ग्रंथांसाठी पुण्यात ‘आनंदाश्रम’ स्थापन केला आणि त्याचा कारभार हरिभाऊंकडे आला. म्हणजे दिवसा संस्थेचे व्यवस्थापन आणि उरलेल्या वेळात लेखन! १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले व पाव शतकाहून अधिक काळ चालविले. पत्र स्वतःचेच असल्याने दुसऱ्या कोणा संपादकाची मर्जी राखावी लागत नव्हती. पण या स्वातंत्र्याची किंमतही होती. आठवडा सरला की मजकूर तयार हवा. स्फूर्ती आली म्हणजे लिहू, असे म्हणून त्यांना भागणारे नव्हते. कथानके लांबली, ‘कर्मयोग’सारखी कादंबरी तर अपुरीच राहिली. तरीही त्यांच्या उत्तमोत्तम कादंबऱ्या याच धबडग्यात जन्मास आल्या, हे विसरता येत नाही.

मग त्यांना स्फूर्ती मिळाली तरी कोठून? त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ १८८५ साली ‘पुणे वैभव’मध्ये येऊ लागली, तेव्हा त्यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराचा आधार घेतला होता. पुढे ‘पण लक्षांत कोण घेतो!’ मध्ये मात्र त्यांनी आपल्याच समाजातील घराच्या माजघरात कान दिला. त्या काळी संमतिवयाचा वाद पेटला होता. मुलींचे संमतिवय १० वरून १२ करणारा कायदा १८९१ साली झाला. सभा गाजत होत्या, वृत्तपत्रे भांडत होती. पण जिच्यासाठी भांडण, तिला कोणी विचारीत नव्हते. सव्वीस वर्षांच्या हरिभाऊंनी तिलाच बोलते केले. यमू आपली हकीकत स्वतः सांगते. माहेर, लग्न, पतीबरोबर मुंबईत काढलेले थोडे सुखाचे दिवस, वैधव्य आणि बळजबरीचे केशवपन. पुरुषाने लिहिलेले असूनही ते बोलणे एका मुलीचेच वाटते. १८९३ साली ही कादंबरी पुस्तकरूपाने निघाली.

आमच्या कन्नड विभागाच्या मित्रमैत्रिणींनाही हरिभाऊ परके वाटू नयेत. त्यांची ‘म्हैसूरचा वाघ’ ही टिपूवरील कादंबरी मेडोज टेलरच्या इंग्रजी कादंबरीवरून घेतलेली आहे. हा टेलर निजामाच्या चाकरीत होता आणि त्याने सुरपूर संस्थानाचा कारभारही पाहिला होता. ‘वज्राघात’मध्ये तर विजयनगरचा १५६५ सालचा पाडाव आहे. त्या युद्धात आपल्या गोवळकोंड्याची कुतुबशाहीही सामील होती. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ३ मार्च १९१९ रोजी, वयाची पंचावन्न वर्षे पुरी होण्यास पाच दिवस उरले असता, त्यांचे निधन झाले.

आता घरची गोष्ट. मला कथा लिहिण्याचा नाद आहे. आजवरच्या माझ्या साऱ्या नायिका पुण्यात राहत. मी पुणे पाहिलेले नाही, पण मराठी कथा म्हटली की पुणे हवेच, असे मला वाटे. आईचे माहेर कन्नड, वडील मराठवाड्याकडचे, दाराबाहेर तेलुगू आणि उर्दू. अशा घरात कथा कोठून मिळणार, अशी माझी तक्रार असे.

आजीच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले होते. म्हणून सुट्टीत रोज संध्याकाळी मी तिला यमूची हकीकत वाचून दाखवीत असे. केशवपनाच्या प्रसंगापाशी आजीने हात करून मला थांबविले. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली की, असेच तिच्या आत्याचे झाले होते. तेराव्या वर्षी वैधव्य आले, आणि पुढचे सारे आयुष्य स्वयंपाकघरात गेले. वीस वर्षे मी या आजीजवळ निजते आहे. हे मी तिला कधी विचारले नव्हते. मी आत्याचे नाव विचारले. आजीला ते चटकन आठवेना, कारण घरात सगळे तिला सोवळी आत्या एवढेच म्हणत. रात्री उशिरा तिने मला हाक मारून ते नाव सांगितले.

पुस्तपालनाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी ते लिहून ठेवले आहे. आजीने ते छापण्याची परवानगी दिलेली नाही, म्हणून येथे देत नाही. गोष्ट मात्र लिही, म्हणाली. हरिभाऊंएवढी प्रतिभा माझ्याजवळ नाही, हे मी जाणते. पण घरात कोणी बोलू लागले तर ऐकून घ्यावे, आणि दिवसाचे काम आटोपल्यावर नेमाने लिहावे, एवढे तर कोणालाही जमण्यासारखे आहे. परीक्षा संपली की मी लिहावयास बसणार आहे. या वेळी नायिका पुण्याची नाही.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)