यूजीन ओ'नील

यूजीन ग्लॅडस्टन ओ'नील (१६ ऑक्टोबर १८८८ – २७ नोव्हेंबर १९५३) हे अमेरिकन नाटककार होते. मेलोड्रामा आणि हलक्याफुलक्या करमणुकीत रमलेल्या अमेरिकन रंगभूमीवर गंभीर शोकात्मिका रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. १९३६ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. नाटककार म्हणून हा सन्मान मिळालेले ते एकमेव अमेरिकन लेखक होत. पुलित्झर पारितोषिक त्यांना चार वेळा मिळाले. त्यांपैकी चौथे मरणोत्तर होते.

बालपण आणि कुटुंब

ओ'नील यांचा जन्म न्यूयॉर्कमधील ब्रॉडवेवरच्या एका हॉटेलात झाला. आयर्लंडहून आलेले त्यांचे वडील जेम्स ओ'नील हे त्या काळचे नावाजलेले नट होते. 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या नाटकातील भूमिकेने त्यांना अमाप पैसा मिळवून दिला, पण त्याच एका भूमिकेत ते आयुष्यभर अडकून पडले. शेक्सपिअरच्या नाटकांतील मोठा नट होण्याची संधी आपण पैशापायी गमावली, ही खंत त्यांना अखेरपर्यंत होती. नाटक कंपनीबरोबर कुटुंबही गावोगाव फिरे. कनेटिकट राज्यातील न्यू लंडन येथे उन्हाळ्यापुरते एक घर होते, तेवढेच.

यूजीन यांच्या जन्मापूर्वी एडमंड नावाचा भाऊ तान्हेपणीच गोवराने दगावला होता. आई एला तेव्हा पतीबरोबर दौऱ्यावर होती आणि या मृत्यूबद्दल तिने स्वतःला कधीही क्षमा केली नाही. पुढे यूजीन यांच्या जन्मानंतरच्या आजारपणात डॉक्टरांनी तिला मॉर्फिन दिले आणि तिला त्याचे व्यसन जडले. घरात हे लपवून ठेवलेले होते. किशोरवयात यूजीन यांना ते कळले, तेव्हा या व्यसनाचे निमित्त आपला जन्म आहे हेही कळले. कॅथलिक धर्मावरील त्यांची श्रद्धा याच सुमारास उडाली.

समुद्र आणि आजारपण

प्रिन्स्टन विद्यापीठात ते वर्षभरही टिकले नाहीत. १९०९ मध्ये पहिले लग्न झाल्यावर लगेचच ते सोन्याच्या शोधात होंडुरासला गेले व मलेरिया घेऊन परतले. पुढे शिडाच्या जहाजातून ब्वेनोस आयरेस गाठले, तेथे काही काळ कफल्लक अवस्थेत काढला, आणि नंतर न्यूयॉर्कच्या धक्क्याजवळील एका गुत्त्याच्या माडीवर खलाशी व भणंगांच्या संगतीत ते राहिले. १९१२ मध्ये त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. त्याच वर्षाच्या अखेरीस क्षयरोगामुळे त्यांना आरोग्यधामात दाखल व्हावे लागले. तेथील सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी स्ट्रिंडबर्ग व इतर नाटककार वाचले आणि नाटककार होण्याचे ठरविले. त्यानंतर हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पिअर्स बेकर यांच्याकडे त्यांनी नाट्यलेखनाचा अभ्यास केला.

नाट्यलेखन

१९१६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील प्रॉव्हिन्सटाउन या मच्छीमारांच्या गावी, धक्क्यावरील एका हौशी रंगमंचावर, त्यांची 'बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ' ही एकांकिका झाली. जहाजावर मरणपंथाला लागलेला एक खलाशी, एवढाच तिचा विषय आहे. 'बियाँड द होरायझन' (१९२०) या नाटकाने त्यांना ब्रॉडवेवर नेले व पहिले पुलित्झर मिळवून दिले. त्यात समुद्राची ओढ असलेला भाऊ शेतावर अडकतो, तर शेतीत रमणारा भाऊ समुद्रावर जातो. हा प्रयोग वडिलांनी पाहिला; त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

माणसाच्या परात्मतेचे ओ'नील यांनी केलेले सर्वांत थेट चित्रण 'द हेअरी एप' (१९२२) मध्ये आहे. जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारा यँक स्वतःला जहाज चालविणारी शक्ती समजत असतो. एक श्रीमंत तरुणी त्याला पाहून जनावर पाहिल्यासारखी घाबरते आणि त्याचा हा विश्वास ढासळतो. मग तो श्रीमंतांच्या रस्त्यावर, तुरुंगात, कामगार संघटनेच्या कार्यालयात आपली जागा शोधत फिरतो. कोणीच त्याला आपला मानत नाही. शेवटी तो प्राणिसंग्रहालयातील गोरिलाच्या पिंजऱ्यापाशी जातो आणि तेथेच त्याचा अंत होतो. ग्रीक नायकाला देवांचा कोप भोवतो. यँकला कोणाचा कोपही लाभत नाही.

'मोर्निंग बिकम्स इलेक्ट्रा' (१९३१) मध्ये त्यांनी एस्किलसची नाट्यत्रयी अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या न्यू इंग्लंडमध्ये आणली आणि नियतीच्या जागी कुटुंबाचा भूतकाळ ठेवला. मुखवटे, पात्रांची मनोगते मोठ्याने उच्चारणे असे अनेक प्रयोग त्यांनी केले. 'स्ट्रेंज इंटरल्यूड' (१९२८) इतके लांब होते, की मध्ये प्रेक्षकांना जेवणाची सुटी द्यावी लागे. त्यांची भाषा बोजड व पुनरुक्त आहे, हा समीक्षकांचा आक्षेप या मधल्या काळातील नाटकांबाबत रास्तच म्हणावा लागेल.

अखेरची वर्षे

१९३७ पासून ते तिसरी पत्नी कार्लोटा माँटेरे यांच्यासह कॅलिफोर्नियात राहिले. तेथे लिहिलेल्या 'द आइसमन कमेथ' आणि 'लाँग डेज जर्नी इंटू नाइट' या नाटकांत मुखवटे नाहीत की ग्रीक कथानक नाही. दुसरे नाटक १९१२ च्या ऑगस्टमधील एका दिवसात, टायरोन कुटुंबाच्या घरात घडते. कंजूष नट-बाप, मॉर्फिनकडे पुन्हा वळलेली आई, मद्यपी थोरला मुलगा आणि क्षय झालेला धाकटा, हे सरळसरळ ओ'नील कुटुंबच आहे. मात्र नाटककाराने एक अदलाबदल केली आहे. स्वतःवर बेतलेल्या पात्राला त्यांनी मेलेल्या भावाचे, एडमंडचे नाव दिले आणि तान्हेपणी मेलेल्या बाळाला स्वतःचे. नाटकात कोणीही खलपुरुष नाही. प्रत्येक जण दुसऱ्याला दोष देतो आणि पुढच्याच वाक्यात तो मागे घेतो.

आईवडिलांना नाटकातून समजून घेणाऱ्या या लेखकाला स्वतःच्या मुलांशी मात्र जुळवून घेता आले नाही. मुलगी ऊना हिने १९४३ मध्ये, अठराव्या वर्षी, चार्ली चॅप्लिनशी विवाह केल्यावर त्यांनी तिच्याशी कायमचे संबंध तोडले. थोरल्या मुलाने १९५० मध्ये आत्महत्या केली. हातांच्या कंपामुळे ओ'नील यांचे लेखन याआधीच थांबले होते. मजकूर सांगून लिहवून घेणे त्यांना जमले नाही. अपुऱ्या नाट्यमालिकेचे बरेचसे खर्डे त्यांनी नष्ट केले. त्यांचे निधनही हॉटेलच्या खोलीतच, बॉस्टन येथे झाले.

'लाँग डेज जर्नी इंटू नाइट' आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षे प्रकाशित करू नये, अशी त्यांची सूचना होती. कार्लोटा यांनी ती पाळली नाही. फेब्रुवारी १९५६ मध्ये स्टॉकहोम येथे त्याचा पहिला प्रयोग झाला, त्याच वर्षी ते पुस्तकरूपाने आले आणि १९५७ चे पुलित्झर त्याला मिळाले. न्यू लंडनमधील ते घर आता संग्रहालय म्हणून जतन करण्यात आले आहे.