दुपटीचा नियम सांगणारा तारायंत्राचा अभियंता

आवाज अंकांच्या रूपात साठवायचा, तर दर सेकंदाला त्याच्या किती नोंदी घ्याव्यात? प्रश्न वरकरणी कोरडा आणि तांत्रिक; पण त्याच्या उत्तरावर संगीतरसिकाचा खिसा अवलंबून असतो. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात. १९९९ आणि २००० च्या सुमारास सुपर ऑडिओ सीडी व डीव्हीडी-ऑडिओ या तबकड्या आल्या आणि ९६,००० किंवा १,९२,००० नोंदींचा गाजावाजा सुरू झाला. पुढे अशा फायली इंटरनेटवरून विकल्या जाऊ लागल्या, त्याही चढ्या दराने. नोंदी जितक्या अधिक तितका आवाज सरस, असा हिशेब ग्राहकाच्या गळी उतरवला गेला. हा हिशेब तपासताना ज्यांचे नाव अपरिहार्यपणे पुढे येते, ते हॅरी नायक्विस्ट ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातले नव्हतेच. ते तारायंत्राचे अभियंते होते.

स्वीडनमधील वार्मलँड प्रांतातल्या निल्सबी या खेड्यात ७ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांचा जन्म झाला. आठ भावंडांचे कुटुंब होते. वयाच्या अठराव्या वर्षी, १९०७ मध्ये, ते अमेरिकेला गेले. नॉर्थ डकोटा विद्यापीठातून त्यांनी १९१४ मध्ये पदवी आणि १९१५ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. १९१७ मध्ये येल विद्यापीठाने त्यांना भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट दिली आणि त्याच वर्षी ते एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत दाखल झाले. १९३४ पासून निवृत्तीपर्यंत ते बेल प्रयोगशाळेत होते.

त्या काळी कंपनीपुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. तारांचे जाळे उभारायला अफाट खर्च येई. तेव्हा एकाच तारेतून जास्तीत जास्त संदेश किती वेगाने धाडता येतील, हे जाणणे गरजेचे होते. नायक्विस्ट यांनी १९२४ आणि १९२८ मध्ये लिहिलेल्या दोन निबंधांत त्याचा गणिती विचार केला. तार जेवढ्या कंपनांचा पट्टा वाहून नेऊ शकते, त्याच्या दुपटीइतके स्वतंत्र ठोके दर सेकंदाला धाडता येतात, त्याहून अधिक नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आवाज मोजून त्याचे अंक करण्याचा विषय त्या निबंधांत कुठेही नाही.

तो दुवा जोडला क्लॉड शॅनन यांनी. त्यांनी १९४९ च्या निबंधात नियमाची दुसरी बाजू मांडली. एखाद्या लहरीत ठरावीक मर्यादेपलीकडची कंपने नसतील, तर त्या मर्यादेच्या दुपटीने घेतलेल्या नोंदींवरून ती लहर पूर्णपणे पुन्हा उभी करता येते. दोन नोंदींमधल्या कालावधीला शॅनन यांनी नायक्विस्ट यांचेच नाव दिले. रशियातील कोटेलनिकोव्ह यांनी १९३३ मध्येच असा सिद्धांत मांडला होता, गणितज्ञ व्हिटेकर यांचे काम तर १९१५ चे; तरीही जनमानसात नाव राहिले ते नायक्विस्ट यांचे. श्रेयाचे वाटप असेच चालते.

सर्वसामान्य समजुतीला धक्का बसतो तो येथे. नोंदी म्हणजे कागदावरचे ठिपके, ठिपके विरळ असले की रेषा पायऱ्यापायऱ्यांची होणार, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. जाहिरातींनी ते भरपूर वापरले. प्रत्यक्षात त्या ठिपक्यांतून जाणारी आणि मर्यादेत राहणारी लहर एकच असते, आणि ध्वनियंत्रातील गाळणी तीच गुळगुळीत लहर परत देते. पायऱ्या कानापर्यंत पोहोचतच नाहीत. माणसाचा कान, तोही तरुणपणी, सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. सीडीची मर्यादा २२,०५० आहे; मधली थोडी जागा गाळणीसाठी सोडलेली. नोंदी वाढवल्या की मर्यादा वर सरकते, पण वरच्या त्या प्रदेशात जे काही असेल ते वटवाघळाला ऐकू येईल, माणसाला नव्हे. उलट, ही अतिउच्च कंपने सदोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एकमेकांत मिसळून ऐकू येण्याजोगा विकार निर्माण करू शकतात. ध्वनिमुद्रण आणि संस्करण करताना मात्र वाढीव नोंदींचा खरा उपयोग होतो. गाळण्या सौम्य ठेवता येतात आणि प्रक्रियेतले दोष कमी होतात. हा लाभ स्टुडिओतला आहे, दिवाणखान्यातला नव्हे.

श्रोत्यांवर चाचण्याही झाल्या. मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुपर ऑडिओ सीडीचा आवाज थेट आणि सीडीच्या दर्जावर आणून असा दोन्ही प्रकारे ऐकवला. ५५४ वेळा विचारून २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणेफेकीइतकेच. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आढळले. प्रशिक्षित श्रोत्यांचे त्याहून जास्त. फरक शून्य नाही, असे या आकड्याच्या आधारे म्हणता येईल. पण शंभरातल्या त्या दोन-अडीच उत्तरांसाठी नवी यंत्रसामग्री घ्यावी का, हे ज्याने त्याने ठरवावे.

या वादात नायक्विस्ट यांचा आणखी एक शोध सहसा विसरला जातो. १९२६ मध्ये त्यांचे सहकारी जॉन जॉन्सन यांना विद्युतरोधकात सतत एक बारीक खरखर आढळली. जॉन्सनही स्वीडनमध्ये जन्मलेले, नॉर्थ डकोटा आणि येलमध्येच शिकलेले. ही खरखर तापमानामुळे होते आणि ती किती असेल, याचे सूत्र नायक्विस्ट यांनी ऊष्मागतिकीच्या आधारे मांडले. हजार ओहमचा साधा रोधक खोलीच्या तापमानाला श्राव्य पट्ट्यात सुमारे ०.६ मायक्रोव्होल्ट खरखर करतो. दोन व्होल्टच्या संकेताशी तुलना केली, तर ती सुमारे १३० डेसिबल खाली भरते. २४ बिटांच्या फायलीत १४४ डेसिबलची जागा असते. म्हणजे शेवटच्या दोन-तीन बिटांत संगीत नसते, रोधकाची उष्णता असते. नोंदींची संख्या आणि त्यांची सूक्ष्मता, या दोन्हींच्या सीमा अशा एकाच माणसाच्या कामातून निघाल्या.

१९३२ चा त्यांचा निबंध अ‍ॅम्प्लिफायर केव्हा स्थिर राहतो आणि केव्हा बेभान होतो, हे सांगतो. सभागृहात माईक शीळ घालू लागतो, तोच हा प्रकार.

नायक्विस्ट यांच्या नावावर १३८ अमेरिकी पेटंटे जमा झाली. बेल प्रयोगशाळेविषयी एक आठवण सांगितली जाते. सर्वाधिक पेटंटे मिळवणाऱ्या संशोधकांत समान दुवा कोणता, याचा शोध कंपनीच्या पेटंट वकिलांनी घेतला, तेव्हा ही मंडळी बहुधा नायक्विस्ट यांच्यासोबत न्याहारी किंवा जेवण घेतात, एवढेच हाती लागले. ते समोरच्याला नेमके प्रश्न विचारत, म्हणे.

१९५४ मध्ये ते निवृत्त झाले. १९६० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्सने त्यांना आपले सर्वोच्च पदक दिले. ४ एप्रिल १९७६ रोजी टेक्सासमधील हार्लिंजन येथे त्यांचे निधन झाले. पहिली सीडी बाजारात यायला तेव्हा आणखी सहा वर्षे होती. तिची २२,०५० ची मर्यादा अभियंते आज नायक्विस्ट वारंवारता म्हणून ओळखतात.