श्रीमंत चिमाजी अप्पा : विजयातील संयम

तारापूरच्या किल्ल्याची पडकी तटबंदी आपण सर्वांनी पाहिली आहे. जानेवारी १७३९ मध्ये मराठी फौजेने हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. या मोहिमेचे नेतृत्व थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा करीत होते. त्यांचे शौर्य सर्वश्रुत आहे. घरातील अप्पा मात्र फारसे परिचित नाहीत.

सन १७३० मध्ये पुत्र सदाशिवराव जन्मले आणि अल्पावधीतच पत्नी रखमाबाई निवर्तल्या. आईविना ते बाळ आजी राधाबाईंच्या छायेत वाढले. पुढे अन्नपूर्णाबाईंशी अप्पांचा दुसरा विवाह झाला. प्रकृती नाजूक असूनही वडील बंधू स्वारीवर असता त्यांनी कारभार व कुटुंब दोन्ही सांभाळले. मस्तानीच्या प्रकरणात मात्र त्यांनी घराण्याच्या रूढीची बाजू घेतली. तेथे त्यांची माया उणी पडली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा पडला. वसईच्या वेढ्यात हजारो माणसे कामी आली. सूड उगविण्यास याहून मोठे कारण ते कोणते? तरीही मे १७३९ मध्ये वसई शरण येताच अप्पांनी पोर्तुगीजांना बायकामुलांसह सुखरूप जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मोकळीक तहात लिहून दिली.

एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अप्पांनीही देह ठेवला. हाती सत्ता असताना राग आवरणे, हीच त्यांची खरी कमाई होय.