निर्भय टॉल्स्टॉय

लिओ टॉल्स्टॉय यांचा जन्म १८२८ साली रशियातील यास्नाया पोल्याना येथे एका उमराव घराण्यात झाला. तरुणपणी ते सैन्यात शिरले. १८५४-५५ साली सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात ते तोफखान्याचे अधिकारी होते. तेथील रक्तपात व जखमींचे हाल त्यांनी प्रत्यक्ष पाहिले आणि युद्धाचे ते खरे रूप आपल्या कथांतून लोकांपुढे मांडले.

१८५६ साली त्यांनी सैन्य सोडले. पुढे ‘युद्ध आणि शांती’ या कादंबरीने त्यांची कीर्ती जगभर पसरली. परंतु गरीब शेतकऱ्यांचे दैन्य पाहून त्यांच्या मनाला चैन पडेना. १८९१ च्या दुष्काळात त्यांनी गावोगावी अन्नछत्रे उघडली. युद्ध, फाशी आणि जुलूम यांविरुद्ध त्यांनी झारच्या सत्तेची भीड न बाळगता लिहिले. सरकारने त्यांच्या अनेक लेखांवर बंदी घातली. एवढ्या थोर लेखकाला हात लावण्यास सरकार कचरले. मात्र ते लेख वाटणाऱ्यांना त्याने शिक्षा केल्या. तेव्हा टॉल्स्टॉय यांनी मंत्र्यांना पत्र लिहून, खरा अपराधी आपण असल्याने शिक्षा आपल्यालाच करावी, असे कळवले.

१९१० साली ते निवर्तले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या सत्याग्रहींच्या वसाहतीला मोठ्या आदराने त्यांचे नाव देण्यात आले.