सुकुमार राय : मुलांना मनमुराद हसवणारा लेखक



आज एका बंगाली लेखकाची ओळख करून घेऊया. सत्यजित राय हे नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचे वडील सुकुमार राय यांच्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. बंगालमध्ये मात्र आजही मुलं त्यांच्या पुस्तकांवरच मोठी होतात.

बालपण आणि शिक्षण

सुकुमार यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कोलकात्यात झाला. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे मुलांसाठी लिहायचे, चित्रं काढायचे, व्हायोलिन वाजवायचे. शिवाय चित्रं छापण्याच्या हाफटोन तंत्रात त्यांनी स्वतः संशोधन केलं होतं. थोडक्यात काय, घरात गोष्टही तयार व्हायची, चित्रही आणि छपाईही!

सुकुमार प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकले. अभ्यास विज्ञानाचा, पण स्वभाव गमत्या. घरच्या मंडळींना आणि मित्रांना गोळा करून त्यांनी 'नॉन्सेन्स क्लब' काढला. क्लबचं हस्तलिखित मासिकही होतं. त्याचं नाव 'साडे बत्तीस भाजा', म्हणजे साडेबत्तीस तळलेले पदार्थ. बत्तीस समजले, पण वरचा अर्धा कुठून आला, असा प्रश्न आपल्या वर्गातल्या मुलांना नक्की पडेल.

१९११ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडला गेले. लंडन आणि मँचेस्टर इथे त्यांनी छायाचित्रण आणि मुद्रणाचं तंत्र शिकून घेतलं.

'संदेश' मासिक

१९१३ मध्ये वडिलांनी मुलांसाठी 'संदेश' हे मासिक सुरू केलं. बंगालीत संदेश म्हणजे निरोप आणि संदेश म्हणजे मिठाईसुद्धा. ज्ञानही मिळावं आणि गोडही लागावं, असं हे नाव. त्याच वर्षी सुकुमार परत आले आणि त्यांचं सुप्रभा यांच्याशी लग्न झालं. १९१५ मध्ये वडील गेले. मासिक आणि छापखाना दोन्ही सुकुमार यांच्या खांद्यावर आलं. गोष्टी, कविता, विज्ञानाचे लेख, कोडी आणि चित्रं, किती तरी मजकूर ते स्वतःच तयार करायचे.

'हजबरल'ची गंमत

१९२२ च्या सुमारास 'संदेश'मध्ये त्यांची 'हजबरल' ही लांब गोष्ट आली. चित्रंही त्यांचीच. आपण मुलांकडून य, र, ल, व घोकून घेतो ना? तीच अक्षरं उलटीपालटी केल्यासारखं हे नाव आहे. बंगालीत त्याचा अर्थ होतो सगळा गोंधळ.

एक मुलगा उकाड्यात झाडाखाली पडलेला असतो. घाम पुसायला रुमाल उचलतो, तर रुमालाचं झालेलं असतं मांजर! पुढे एक कावळा भेटतो. तो पाटीवर हिशेब करतो आणि हातचा म्हणून चक्क पेन्सिल धरतो. एक बोकड भेटतो, त्याचं नाव व्याकरण शिंग. शेवटी एक खटला उभा राहतो. न्यायाधीश घुबड डोळे मिटून बसलेलं, साक्षीदार पैशाच्या आशेने आलेले, आणि आरोपीच नाही! मग एकाला आरोपी व्हायला सांगतात. तोही आनंदाने तयार होतो, कारण आरोपीलाही पैसे मिळतील असं त्याला वाटतं. मुलं इथे पोट धरून हसतात. आपण मोठी माणसं मात्र हसता हसता जरा थांबतो, नाही का?

गोष्टीच्या शेवटी मामा मुलाचा कान पिळून त्याला जागं करतो. स्वारी व्याकरणाचा अभ्यास करता करता झोपलेली असते!

आजारपण

आता एक गोष्ट सांगते. याच पुस्तकात एक म्हातारा आहे. त्याच्याकडे वयाचा वेगळाच नियम आहे. चाळीस झाले की वय उलटं मोजायचं. एकोणचाळीस, अडतीस असं खाली खाली यायचं. म्हणजे माणूस म्हातारा व्हायलाच नको.

सुकुमार हे लिहीत होते तेव्हा त्यांना काळा आजार झाला होता. त्याच कोलकात्यात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी त्या रोगावरच्या औषधाचं काम करत होते. पण सुकुमार यांच्यापर्यंत तो उपचार वेळेत पोहोचला नाही. मुलगा सत्यजित १९२१ मध्ये जन्मला आणि त्याच वर्षी वडिलांचं दुखणं सुरू झालं. दोन-अडीच वर्षं अंथरुणावर राहूनही त्यांनी लिहिणं आणि चित्रं काढणं सोडलं नाही. रवींद्रनाथ ठाकूर त्यांना भेटायला आले आणि त्यांच्या इच्छेखातर उशाशी बसून गाणी गायले.

'आबोल ताबोल' या कवितासंग्रहाची मांडणी त्यांनी अंथरुणावरूनच पूर्ण केली. १० सप्टेंबर १९२३ रोजी ते गेले. पुस्तक छापून आलं ते त्यानंतर काही दिवसांनी. ते त्यांना हातात घेता आलं नाही. 'हजबरल' पुस्तकरूपात पुढच्या वर्षी आलं. वय पस्तीस. त्या गोष्टीतल्या चाळीसपर्यंत ते पोहोचलेच नाहीत.

आपण काय घ्यायचं?

माझ्या तिसरीच्या वर्गात एका मुलाने गणिताच्या वहीत हातच्याच्या एकाला पाय, शेपूट आणि मिशा काढल्या होत्या. मी रागावले आणि त्याला ते खोडायला लावलं. नंतर 'हजबरल' वाचलं आणि तो पेन्सिलवाला कावळा भेटला. खरं सांगू का, मला ओशाळल्यासारखं झालं. त्या मुलाचं गणित बरोबर होतं. मी ते तपासलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला तेच चित्र फळ्यावर काढायला सांगितलं. आधी तो घाबरला, मग हळूच खडू घेतला.

तुम्हीही एक करून बघा. मुलांना सांगा, दप्तरातली एखादी वस्तू अचानक प्राणी झाली तर काय होईल ते लिहा आणि चित्र काढा. शुद्धलेखन त्या दिवशी तपासू नका, फक्त वाचा आणि हसा. पालकांनी घरीही हे जरूर करावं.

सत्यजित यांना वडील फारसे आठवत नव्हते, तेव्हा ते जेमतेम अडीच वर्षांचे होते. पण १९६१ मध्ये बंद पडलेलं 'संदेश' त्यांनी पुन्हा सुरू केलं आणि पुढे वडिलांवर एक माहितीपटही काढला. वडिलांची ओळख त्यांना अशीच झाली, त्यांच्या गोष्टींतून आणि चित्रांतून.

तुमच्या वर्गात कोणती वस्तू कोणता प्राणी झाली, ते मला नक्की कळवा.