रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर

वसई तालुक्यातील तर्खड हे गाव आम्हां बोळिंजकरांस परके नाही. परंतु या गावाचे नाव आडनावात धारण करणाऱ्या एका पुरुषाने इंग्रजी शाळेत शिकून मराठी भाषेस व्याकरण दिले, हे आपल्या ज्ञातीतील किती मुलांस ठाऊक असेल, याची आम्हांस शंका आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्या थोर पुरुषाचे अल्प चरित्र सादर करीत आहोत.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. पेशवाई जाऊन इंग्रजी अंमल बसला तेव्हा ते चार वर्षांचे होते. खासगी शाळांत आरंभीचे शिक्षण झाल्यावर ते सरकारच्या साह्याने चालणाऱ्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत दाखल झाले. त्या काळी इंग्रजी शिकणे म्हणजे डोंगर चढणे होते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ पर्यंत छापून निघाला नव्हता. पुस्तके थोडी, शिक्षक त्याहून थोडे. गुरुमुखातून शब्द ऐकावा, घोकावा आणि त्याचा अर्थ मनात मुरवावा, एवढेच साधन होते. तरीही ही परकी विद्या दादोबांनी आवडीने आत्मसात केली.

या आवडीचे फळ काय आले, तेच ध्यानात घेण्याजोगे आहे. इंग्रज मुलांस त्यांच्या भाषेचे व्याकरण शाळेत शिकवितात. लिंडले मरे याचे इंग्रजी व्याकरण त्या वेळी सर्वमान्य होते. त्याच धर्तीवर आपल्या भाषेची मांडणी करून दादोबांनी १८३६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी ते वाढवून सुधारले, मुलांसाठी लघु व्याकरणही रचले. मराठी भाषेचे पाणिनी ही पदवी लोकांनी त्यांस उगाच दिली नाही.

त्यांचा बराच काळ शिक्षकाच्या पेशात गेला. जावऱ्याच्या नबाबास त्यांनी शिकविले. सुरतेस इंग्रजी शाळेत असताना १८४४ मध्ये दुर्गाराम मेहता यांच्यासह मानवधर्मसभा स्थापिली. १८४६ पासून मुंबईत नवे शिक्षक तयार करण्याचे काम त्यांजकडे आले. १८५२ मध्ये ते डेप्युटी कलेक्टर झाले व नगर जिल्ह्यातील कामगिरीबद्दल त्यांस रावबहादूर हा किताब मिळाला. जातिभेद मानू नये असे सांगणाऱ्या परमहंस सभेचे ते प्रमुख आधार होते. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. ज्ञातिसंस्था मुलांच्या शिक्षणासाठी असावी, भिंती उभारण्यासाठी नव्हे, असेच आमचे मत आहे.

या घराण्यात इंग्रजीचा उपयोग नाना प्रकारे झाला. बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली मुंबईच्या इंग्रजी पत्रात इंग्रज राज्यकर्त्यांवरच कठोर टीका केली. दुसरे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग हे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे संस्थापक. त्यांच्याच घरी १८७८ साली विलायतेस निघालेले तरुण रवींद्रनाथ ठाकूर इंग्रजी संभाषण सुधारण्यासाठी राहिले आणि त्यांस आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा हिने शिकविले. आमच्या पिढीने जिच्यावर इंग्रजी गिरविली ती भाषांतर पाठमाला मात्र द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची, दादोबांची नव्हे. हा घोटाळा पुष्कळांचा होतो.

दादोबांनी मोरोपंतांच्या केकावलीवर टीका लिहिली आणि स्वीडनबर्ग या युरोपीय तत्त्वज्ञावर इंग्रजीत ग्रंथही लिहिला. एकच लेखणी दोन्ही भाषांत सारख्याच आदराने चालली. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते निवर्तले.

आज आपल्या घरोघरची मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. त्यांस आम्ही दोष देत नाही. पोटाची विद्या ती शिकावीच. परंतु आजीने लिहिलेले पत्र नातवास वाचता येऊ नये, ही गोष्ट वर्गात आयुष्य घालविलेल्या आम्हांस बोचते. इंग्रजीवर प्रेम करणाऱ्यास मराठी सोडावी लागते, ही समजूत खोटी आहे, याचा पुरावा तर्खडच्या नावाने आपल्या तालुक्यातच उभा आहे. पालकांनी रोज रात्री मुलाकडून मराठीचे एक पान मोठ्याने वाचून घ्यावे. दादोबांचे याहून चांगले स्मारक आम्हांस सुचत नाही.