रेन्वार यांचा संधिवात फक्त बोटांत नव्हता

ओग्युस्त रेन्वार हे नाव तुम्ही चित्रांमुळे ऐकले असेल. मी माझ्या पेशंटना त्यांच्याबद्दल सांगतो ते त्यांच्या आजारामुळे.

1841 साली फ्रान्समधील लिमोज येथे एका शिंप्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहान वयातच पोर्सिलेनच्या भांड्यांवर नक्षी रंगवण्याचे काम धरले. पन्नाशीच्या सुमारास, म्हणजे 1892च्या आसपास, ऱ्हुमॅटॉइड संधिवात सुरू झाला. 1897 मध्ये सायकलवरून पडून उजवा हात मोडला आणि घरच्यांनी सगळे दुखणे त्या पडण्याशी जोडले. तुम्हीही असेच करता ना? पावसात भिजलो, पाय मुरगळला, तेव्हापासून सुरू झाले!

या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पण तो तिथेच थांबत नाही. भूक मंदावते, स्नायू झिजतात. 1904 मध्ये रेन्वार यांचे वजन 48 किलोच्या घरात आले होते, बसणेसुद्धा त्रासाचे झाले होते. त्वचेखाली गाठीही झाल्या. क्वचित फुफ्फुसाचे आवरण, डोळ्याचा पांढरा भाग किंवा बारीक रक्तवाहिन्या सुजतात. म्हणून पहिली तक्रार नेहमी बोटांची नसते. न जाणारा थकवा, बारीक ताप, रात्री हाताला येणाऱ्या मुंग्या, सकाळी पहिले पाऊल टाकताना चवड्याखाली होणारी ठणक, हेही सुरुवातीचे लक्षण असू शकते. सोबत सकाळी सांधे तासभर आखडत असतील आणि हे काही आठवडे चालले असेल, तर तेल चोळत बसू नका, तपासून घ्या. सुरुवातीची रक्ततपासणी नॉर्मल आली तरी आजार नाही असे ठरत नाही.

रेन्वार यांच्या काळी मेथोट्रेक्सेट नव्हते. ऊब मिळावी म्हणून ते दक्षिणेला कान्य येथे राहायला गेले. 1912 पासून चाकाची खुर्ची आली. हातांना पट्ट्या असत. ब्रश हाताला बांधत, असा अनेकांचा समज आहे. मला तो पटत नाही, कारण पट्ट्या होत्या त्या आत वळलेल्या बोटांनी तळव्याची कातडी सोलू नये म्हणून. ब्रश कुणीतरी बोटांत ठेवून देई. मोठा कॅनव्हास रुळांवर सरकवत, म्हणजे हात उंच न्यावा लागत नसे.

3 डिसेंबर 1919 रोजी, 78व्या वर्षी, ते गेले. त्याआधी चार वर्षे साशा गित्री यांनी त्यांचे चित्रीकरण केले होते. त्यात तोंडात सिगारेट आहे आणि वाकड्या मुठीतला ब्रश भराभर कॅनव्हासवर टेकतो आहे.